दौलतच्या घराचा आकडा

२ एप्रिल ९५, रविवार

सोनाबाई पुन्हा ओरडली. नळाजवळ. आज साऱ्या आळीनं ऐकलं.

भाकर तव्यावर टाकून मी धावली. दौलतचं घर माझ्या घरापासून चार घरं खाली. माझा सख्खा धाकटा भाऊ. जाऊन पाहते तर त्याची बायको न्हाणीच्या दगडावर बसलेली, ओलीचिंब, डावा हात उजव्या हातानं दाबून. सातवा महिना तिचा.

"अक्का, धरलं तिनं. मनगट धरलं. सोडतच नव्हती."

"कोनं?"

 माय उंबऱ्यात उभी, पदर तोंडात. दौलत जमिनीकडे पाहून राह्यला. सगळ्यांना माहीत होतं कोणी.

शकू. दौलतची पहिली बायको. तीन वर्षं होतील, ह्याच नळाशी मेली.

घरी आली तर भाकर जळून कोळसा.

४ एप्रिल

दुपारच्या वर्गाच्या बाई म्हणतात, रोज चार ओळी लिहा, नाही तर शिकलेली अक्षरं उडून जातील. वही कुठून आणू? ह्यांच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून राह्यली. ह्यांना आता लागते थोडीच! दिवाळी झाली अन् आठव्या दिवशी गेले. छातीत कोळसा बसला होता.

पुट्ठ्यावर नाव आहे — भिवाजी, इलेक्ट्रिक हेल्पर. बेल्लमपल्लीच्या खाणीत अठ्ठावीस वर्षं. रिटायर होऊन इथं माझ्या माहेराच्या गावी घर बांधलं. मग गप बसावं की नाही? नाही. एक लाकडी पेटी काखेत मारून घरोघर फिरायचे. पेटीला दोन काटे. प्रत्येक घरात काही तरी मोजायचे अन् ह्या वहीत लिहायचे. मी विचारलं की म्हणायचे, "आकडा काढून राह्यलो."

लोक म्हणतात भागीरथाबाई सेहेचाळीसाव्या वर्षी सही करायला शिकली. सही गेली चुलीत. मला ह्यांची वही वाचायची होती.

आता वाचता येते. एका पानाला एक घर. प्रत्येकाला दोन आकडे. एक तार, एक जमीन. "डोमाजी — तार १२०, जमीन ९." असं. आळीतल्या वीस घरांची पानं आहेत.

घरं एकवीस आहेत. दौलतचं पान नाही.

५ एप्रिल

आज लाईट आलीच नाही. सोनाबाईनं विहिरीवरून पाणी आणलं. काही झालं नाही.

७ एप्रिल

माय आज माझ्यावरच घसरली. "जावई होते तोवर शकू निजून होती. दर रविवारी दोन घागरी पाणी घालत होते तिले. ते गेले, पाणी थांबलं, ती उठली. तुले सांगून गेले होते ना ते?"

सांगून गेले होते. खरं आहे. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले होते, "भागी, दौलतकडचं रविवारचं पाणी चुकवू नको." मी म्हटलं, दीक्षा घेतलेला माणूस, भुताले पाणी घालता? ते म्हणाले, "जमिनीले घालतो." म्हटलं, मी नाही घालणार. नाही घातलं.

दौलतच्या न्हाणीच्या भिंतीमागं एक खड्डा आहे, वर सपाट दगड. तिथं घालायचे. दर रविवारी, आजारी असले तरी. लोक हात जोडायचे — भिवाजीसारखा नंदावा नाही, मेव्हण्याच्या मेलेल्या बायकोला पाणी घालतो. ह्यांनी कधी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मायनं त्या दगडाला हळदकुंकू लावलं तेव्हाही गप्प. माझं डोकं फिरायचं.

शकूचं सांगते. ऑगस्टाचा महिना होता, पाऊस लागून राह्यलेला. दौलतकडे पाव्हणे. नळाला पाणी टाकीतून येतं, टाकीत मोटर चढवते. त्या दिवशी मोटर सारखी बंद पडे. शकू रडकुंडीला आली, पाव्हण्यांच्या आंघोळी खोळंबल्या. मीच जाऊन चालू करून दिली. आंघोळी झाल्या, पाव्हणे गेले, मी घरी आली. दिवेलागणीला शकू नळाखाली घागर लावून वाकली ती उठलीच नाही. अंगावरून वारं गेलं म्हणाले लोक. डॉक्टर कुठला, आणि कशाला!

तिची एक सवय होती. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची. सोडायची नाही गोष्ट संपेपर्यंत.

सोनाबाईनं शकूला कधी पाहिलेलं नाही. हे तिला कोणी सांगितलं असेल?

९ एप्रिल, रविवार

आज मीच गेली. म्हटलं पाहू कोण धरते. सहाला लाईट आली, मोटर गुरगुरली, दौलतच्या समोर मी नळ धरला. चांगला घट्ट. काही नाही!

"शकू, ये ना वो! धर माझा हात!" मी ओरडली. मायनं कानावर हात घेतले.

दौलतनंही धरला. बूट घालून उभा, हापिसातून आलेला तसा. मंडल हापिसात अटेंडर आहे, बूट काढत नाही रात्रीपर्यंत, रुबाब! त्यालाही काही नाही. मग सोनाबाईला म्हटलं, धर. ती भिंतीला चिकटली. "तुमाले नाही धरणार, अक्का. तुमचा काय राग तिले? माझा हाय. मी तिच्या जागेवर आली."

मी म्हटलं, भित्री कुठली.

१० एप्रिल

दौलतच्या म्हशीनं न्हाणीजवळच्या हौदातलं पाणी पिणं सोडलं. तोंड लावते, झटकन मागं येते. सकाळी पिते. संध्याकाळी नाही.

म्हशीला काय शकूची सवत माहीत?

दिवसभर मायकडे झाडायचे फडे तारेनं बांधत होती. माय म्हणते, "डावरी! तुझा पीळ उलटा. कोनाले सोडवता येत नाही." लहानपणापासून हेच ऐकते. उलटा असला तरी पक्का असतो ना!

१४ एप्रिल

जयंती. सकाळी झेंडा, पोरांची भाषणं, जेवणं. मायनं सगळ्यात पुढं बसून हात जोडले. संध्याकाळी हीच माय दौलतच्या न्हाणीत ऊद घालते. काय म्हणावं!

भांड्यांचा ढीग दौलतकडे. सोनाबाईला बसवून मी घासायला बसली. चपला विहारापाशीच कोणी तरी घालून गेलं होतं, अनवाणी होती. लाईट आली. मोटर लागली. घंगाळ नळाखाली लावलं अन् नळ फिरवायला हात घातला.

धरलं.

 बोटं माझी राह्यली नाहीत. आपोआप मिटली नळावर. मनगटातून कोपरापर्यंत कोणी तरी ओढून राह्यलं — रागानं नाही. शकू धरायची तसंच. गोष्ट संपेपर्यंत.

मागं कलंडली म्हणून सुटली. कुल्ला ठेचला.

कोणाला सांगितलं नाही.

१५ एप्रिल

भूत असेल तर चप्पल पाहून धरते का?

रात्रभर हेच. ९ तारखेला माझ्या पायात रबरी चप्पल होती. दौलतच्या पायात बूट. काल मी अनवाणी. सोनाबाई नेहमी अनवाणी. म्हैस तर जन्माची अनवाणी! अन् धरते ती लाईट असली की. लाईट नव्हती त्या दिवशी नाही धरलं.

ह्यांची पेटी काढली. ट्रंकेतून. आत दोन काट्यांचं यंत्र, लांब लांब तारा, शंभरचा बल्ब, झिरोचा लाल बल्ब, शेगडीची कॉइल. अन् माझी पकड! हीच पकड ह्यांनी शकू गेली त्या वर्षी कुलपात टाकली होती. तोवर घरातला, आळीतला फ्यूज गेला की मीच बांधायची. खाणीच्या क्वार्टरात राहून शिकली होती. त्या वर्षापासून एकदम — "भागी, फ्यूजले हात लावायचा नाही." अठ्ठावीस वर्षांत असं बोलले नव्हते. बाईमाणसाचं काम नाही म्हणतात काय, म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. ते नुसतं पाहायचे माझ्याकडे.

एकदा मी चिडून विचारलं होतं, घरोघर काय मोजता? जे करंट नाहीच ते?

तर म्हणाले, हो. जे नाही तेच मोजतो. तार तारेला लागली, नाही तर तार सुटून लोखंडाला लागली, तर किती करंट धावेल तो आकडा. अजून धावला नाही. बल्ब विझलेला असो, लोक झोपलेले असोत, तो घरात बसलेला असतो. प्रत्येक घराचा वेगळा.

मी म्हटलं, मोठा आकडा असला तर माणूस मरते?

म्हणाले, "खाणीत मोठ्याचं भेव. गावात बारक्याचं." फ्यूजात पाचची तार असते, केसासारखी. तुटायसाठीच असते ती. जमिनीतून दहा धावले तर ती तुटते, लाईट जाते, माणूस वाचते. दोन धावले तर तुटत नाही. मग करंट लोखंडात बसून राहते. वाट पाहते कोणी तरी ओला हात लावेल.

जमीन ओली तर आकडा मोठा. कोरडी तर बारका.

भिंतीमागचा खड्डा. कोळसा, मीठ, लोखंडाचा रूळ पुरलेला, त्याला मोटरीची तार. रविवारच्या दोन घागरी.

म्हणजे तुम्ही शकूले पाणी घालतच नव्हते!

मग सांगितलं काऊन नाही कोणाला?

१८ एप्रिल

डोमाजी आला होता दौलतकडे. आमच्याच आळीतला, अंगात येते त्याच्या. नाडी पाहिली सोनाबाईची, डोळे पाहिले, खड्ड्यावरची माती हुंगली.

"कोरडी ठाक! तहानली हाय बाई."

मायनं पायच धरले त्याचे. त्यानं सांगितलं ते असं. शकूचा चांदीचा टाक करायचा, सोनाबाईनं गळ्यात घालायचा, म्हणजे सवत गळ्यात राहते, हातात नाही येत. अमावस्येला, दिवे लागताना, ओलेत्यानं नळापाशी उभं राहायचं. एका हातानं नळ धरायचा, दुसऱ्या हातानं तांब्या तांब्या पाणी खड्ड्यावर. एकवीस तांबे. तोवर नळावरचा हात काढायचा नाही. "धरलं तरी काढायचा नाही. धरू द्यायचं. तेच तर मान देणं हाय."



म्हटलं, डोमाजी, ती पोटुशी आहे. मोटरीतून करंट येते नळात, भूत नाही. तर हसला. "अक्का, करंट असतं तर फ्यूज नसता गेला? जावयाच्या पेटीची हवा लागली तुमाले."

हेच तर! फ्यूज जात नाही हेच तर! पण मला नीट सांगता येईना. शब्द ह्यांचे, तोंड माझं. दौलत म्हणाला, "अक्का, तीन वर्षं मी काहीच केलं नाही शकूसाठी. एवढं करू दे." डोळ्यात पाणी त्याच्या. सोनाबाई म्हणाली, "मी करते. एकदाची सोडेल तरी मले."

मी म्हटलं, मोटर बंद ठेवून करा. डोमाजी म्हणाला, वाहत्या पाण्याशिवाय चालत नाही.

ठीक. आकडा काढते. दोन आला तर तुमच्या तोंडावर मारते.

२२ एप्रिल

आधी आपल्याच घरी हात बसवला. वहीच्या पहिल्या पानावर ह्यांनी रीत लिहिली आहे, पोराला सांगावी तशी.

कोरड्या फळीवर उभं राहायचं. आधी काहीच न लावता पहिल्या काट्यावर विजेचा दाब पाहायचा. २१५ आला. मग शेगडी लावायची, ती पीत असताना पुन्हा दाब पाहायचा. २०७. आठ उतरला. दुसऱ्या काट्यावर शेगडी चार पिते. आठाला चारनं भाग, दोन. ही वाटेची अडचण. आता पहिल्या दाबाला ह्या दोननं भाग. एकशे सात.

वहीत ह्यांचा आकडा एकशे नऊ.

मला हसू आलं, मग रडू. एवढ्या जवळ बसलो आम्ही दोघं खूप दिवसांनी.

वहीत असंही आहे की प्रत्येक घराच्या फ्यूजच्या फळीच्या मागं आकडा लिहिला आहे, वही हरवली तर असावा म्हणून. आमची फळी सोडवून पाहिली. आहे! पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तारीख टाकून.

२७ एप्रिल

दौलतकडे गेली. सहाला. मोटरीची पिन काढली. सगळ्यांना ओसरीवर बसवलं — कोणी नळाकडे जायचं नाही, मोजेपर्यंत. जमिनीचा आकडा काढताना शेगडी लावायची नाही, शंभरचा बल्ब लावायचा, असं वहीत दोन रेघा ओढून लिहिलं आहे. शेगडीनं नळातच करंट चढते.

नुसता दाब २१५. बल्ब लावला. पिवळा, आजारी उजेड. दाब १७५. चाळीस उतरला! घरी आठ उतरला होता.

पिण्याचा काटा हलेना. मग तार यंत्राच्या बारीक भोकात टाकली तेव्हा हलला. चारवर थांबला. माय मागून, "झालं का? झालं का?" दौलत घड्याळ पाहून राह्यला. डोमाजी कुंपणाशी विडी ओढत हसून राह्यला. मी घाईघाईनं भाग लावला. चाळीसाला चार, दहा. दोनशे पंधराला दहा — एकवीस.

पुन्हा केला. एकवीस.

एकवीसला पाचची तार टिकणार नाही. पटकन तुटेल. म्हणजे जमीन चांगली आहे. म्हणजे मीच खोटी.

मग १४ तारखेला काय होतं?

डोमाजी म्हणाला, "एकवीस! पाहा, तांबेबी एकवीसच."

पेटी उचलली अन् आली.

२८ एप्रिल

टाक आणला इचोड्याहून. दौलतनं दाखवला. सोनारानं शकूला पाहिलं नव्हतं, तरी नाक तिचंच.

२९ एप्रिल, अमावस्या

आज लिहिते ते सगळं लिहिते.

सहा वाजायच्या थोडं आधी चूल पेटवत होती. ओली लाकडं, धूर. मनात आलं लाईट आली की शेगडी लावून चहा करावा. मग आलं, नको, शेगडी किती पिते! चार पिते.

अन् हात थांबला.

शेगडी चार पिते. अन् त्या दिवशी बल्बही चार प्यायला? एवढुसा बल्ब, शेगडीएवढा? ज्या शेगडीवर भात शिजते तेवढा? असं कसं होईल! म्हशीएवढं शेळी पिईल का?

वही काढली. रीत पुन्हा वाचली, बोट ठेवून, एकेक अक्षर. पानाच्या अगदी खाली, घाईत मी वाचलंच नव्हतं — "बारीक भोक लावल्यास काट्याचा दहावा भाग धरणे."

चार नाही. चारचा दहावा भाग. मग अडचण दहा नाही, शंभर. दोनशे पंधराला शंभर.

दोन.

दोन!

चूल तशीच टाकली, पेटी काखेत मारली अन् धावली. वर्गाच्या बाई रस्त्यात भेटल्या, काही तरी म्हणाल्या, ऐकलं नाही. दौलतच्या दारात आळी जमलेली. कापूर, ऊद, हळद. दिवे लावले होते. लाईट अजून आली नव्हती, देवाची कृपा म्हणा, कोणाची म्हणा. सोनाबाई ओलेत्यानं दगडावर उभी, केस मोकळे, पोट पुढं, गळ्यात टाक. एक हात नळावर. अनवाणी. पायाखाली पाणीच पाणी. मोटरीची पिन घातलेली, बटण दाबलेलं. लाईट यायचीच खोटी!

डोमाजी मोजत होता. "सहा."

मी ओरडली, हात काढ! सोनाबाईनं माझ्याकडे पाहिलं, पण काढला नाही. "मोडू नका, अक्का," म्हणाली. दौलतनं मला अडवलं. सख्ख्या भावानं. दंड धरला माझा. "आजच्या दिवस, अक्का. आजच्या दिवस!"

मी त्याला चावली. हो, चावली. आत धावली, फळीवरचा फ्यूज धरला अन् ओढून काढला.

तेवढ्यात सगळ्या आळीत दिवे लागले. बाहेर "आली, आली" झालं. दौलतच्या घरात अंधार. मोटर गप्प.

माय छाती बडवत होती. डोमाजी ओरडत होता, "मोडलं! आता दोन्ही जीव घेईल ती!" मी म्हटलं, थांबा. कोणी हलायचं नाही. सोनाबाईला उचलून ओसरीवर आणलं, कोरड्या पोत्यावर बसवलं. पेटीतून ह्यांचा झिरोचा लाल बल्ब काढला. एक तार नळाला गुंडाळली, दुसरी खिळ्याला, खिळा लांब ओल्या मातीत ठोकला. मग दौलतला म्हटलं, जा, बूट घाल, फ्यूज लाव.

मोटर गुरगुरली.

कोणी हात लावला नाही, काही नाही. नळाच्या तोटीशी लटकलेला बल्ब हळूहळू लाल झाला.

 पाण्याची धार अन् तो लाल डोळा, एवढंच. म्हैस लांबून पाहून राह्यली. मग डोमाजीनं हात जोडले अन् म्हणाला, "पाहा. शकूचा दिवा."

आता ह्याला काय म्हणावं!

पण दौलतनं हात नाही जोडले. तो बल्बाकडे पाहत राह्यला, मग सोनाबाईच्या पायाकडे, मग बल्बाकडे. मग म्हणाला, "अक्का, शकू अशीच गेली का वो?"

मी म्हटलं, हो. अशीच.

"मग तवा फ्यूज काऊन नाही गेला?"

म्हटलं, जमीन कोरडी असंल.

३० एप्रिल

ऑगस्टात कोरडी?

१ मे

दौलत मोटर घेऊन इचोड्याला गेला होता, वाइंडिंग करायला. आला तो गोंधळलेला. दुकानवाला मोटर उघडून हसला म्हणे. "ये तो मेरे हाथ का काम है. तीन साल पहले भरी थी. बुड्ढे चाचा लाए थे, डब्बावाले."

ह्यांनी नेली होती. दौलतला म्हणाले होते, ऑइल करून आणतो.

म्हणजे ह्यांना तेव्हाच कळलं होतं. शकू गेली तेव्हाच. तीन वर्षं गप्प बसले. भूत म्हणू दिलं. हळदकुंकू लावू दिलं. माझ्याशी तरी बोलायचं होतं! मी काय परकी होती?

संताप संताप झाला. पेटीला लाथ मारली. मग उचलून पुसली.

२ मे

खड्डा उकरला. नवं मीठ, नवा कोळसा. सोनाबाईनं ओसरीवरून हुकूम सोडले. चार घागरी पाणी जिरलं, भस भस आवाज करून. काही तहान होती!

संध्याकाळी मोजलं. ह्या वेळी दहावा भाग धरून. नऊ. डोमाजीच्या घराएवढा. पाचची तार आता तुटेल.

सोनाबाईनं टाक काढला नाही. म्हणते, राहू द्या, बिचारीनं काही केलं नव्हतं. बरं दिसते.

उद्या फळी सोडवून मागं माझा आकडा लिहीन. ह्यांच्यासारखा, तारीख टाकून. एकविसावं पान पुरं होईल.

३ मे

फळीमागं आकडा आहे. आधीच.

"५-८-९२. जमीन ११."

खाली बारीक खिळ्यानं ठोकलेला तारेचा एक तुकडा. फडे बांधायची जाड तार, दुहेरी, मधे काळी पडलेली, तुटलेली नाही. पीळ उलटा.

खाली ह्यांचं अक्षर. "ही फ्यूजात होती. भागीच्या हातची. काढली, पाचची घातली. कोणाला बोललो नाही. तिला वाचता येत नाही. दर रविवारी पाणी घालीन."

पाचची त्या दिवशी तीनदा तुटली होती. मलाच दम नव्हता; पाव्हण्यांच्या आंघोळीसाठी ही जाड तार मीच पिळून घातली.

सोनाबाईनं विचारलं, "अक्का, काय लिवलं हाय?" म्हटलं, आकडा.

दोन घागरी घातल्या. फळी परत लावली नाही. फ्यूज काढून ठेवला अन् फळी एका स्क्रूवर लोंबती सोडली, मागची बाजू दाराकडे, तार तशीच. दौलत सहाला येते. त्याला वाचता येते.